दाढीनंतरची आग, विच हेझल आणि मास्कची कड: एका फाउंड्री कामगाराचं प्रकरण

पार्श्वभूमी

सागर (नाव बदललेलं) कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत फेटलिंगला आहे. साच्यातून निघालेल्या कास्टिंगला चिकटलेली वाळू आणि धातूचे उंचवटे ग्राइंडरने घासून काढायचे, हे त्याचं काम. वाळूत सिलिका असते. तिची बारीक धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात जात राहिली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. म्हणून कंपनीने साधे मास्क बंद करून रबरी कडेचे, दोन्ही बाजूंना फिल्टर असलेले हाफ मास्क द्यायला सुरुवात केली.

असा मास्क कातडीला घट्ट बसला तरच कामाचा. मध्ये दाढीचे खुंट आले की फटी राहतात आणि धूळ फिल्टरला वळसा घालून आत येते. त्यामुळे मास्क देण्याआधी फिट टेस्ट होते. डोक्यावर टोप चढवतात, आत कडू चवीचा फवारा मारतात आणि माणसाला बोलायला, मान हलवायला सांगतात. जिभेला कडू लागलं की मास्क गळतोय. सागरने तोवर व्यवस्थित कोरलेली दाढी ठेवली होती. पहिल्याच फवाऱ्याला तोंड कडू झालं आणि दुसऱ्या दिवसापासून रोजची गुळगुळीत दाढी सुरू झाली.

ती कशी व्हायची तेही सांगते, कारण निम्मं प्रकरण तिथेच आहे. घर करवीर तालुक्यातल्या एका गावात, दारात दोन म्हशी, पहाटेची धार यानेच काढायची. धार झाली की गार पाण्याने तोंड ओलं करायचं, फोम लावायचा आणि पाच ब्लेडच्या रेझरने मानेवर खालून वर उलटा हात मारायचा. वर खिशात मावेल अशा बाटलीतलं झोंबणारं आफ्टरशेव्ह. सातच्या शिफ्टला गाडी पकडायची म्हणजे यातल्या कशालाही वेळ नसतो. त्याचे केस राठ आणि कुरळे आहेत, आणि मानेवर तर ते तीन दिशांना उगवतात.

माझं शाहूपुरीत औषधाचं दुकान आहे. सागर जुनं गिऱ्हाईक; आईच्या बीपीच्या गोळ्या दर महिन्याला नेतो. हे लिहायला त्याची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

समस्या

महिन्याभरात मानेवर आणि जबड्याखाली लाल पुटकुळ्या उठल्या. त्याने आधी नेहमीचं केलं, म्हणजे पेठेतल्या सलूनवाल्या मामांकडे गेला. त्यांनी तुरटीचा खडा फिरवला. रक्त थांबलं, पण संध्याकाळपर्यंत कातडी ताणल्यासारखी झाली. मग कंपनीतल्या एका मित्राने त्याला एक ट्यूब दिली. स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र असलेली. अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची असतात. ती चिठ्ठीशिवाय हातोहात कशी फिरतात हे माझ्या धंद्यातल्या कुणाला सांगायला नको. चार दिवसांत चेहरा साफ. ट्यूब थांबवली की दुप्पट लाल.

याच दरम्यान त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. त्यातला माणूस दाढीनंतर कापसाने विच हेझल, म्हणजे एका परदेशी झुडपाचा अर्क, लावत होता आणि मान कशी लोण्यासारखी झाली ते दाखवत होता. सागरने नाव शोधलं, शास्त्रीय नाव हॅमामेलिस निघालं, आणि हॅमामेलिस कोल्हापुरात सहज मिळतं: होमिओपॅथीच्या दुकानात, मदर टिंक्चर म्हणून. दुकानदाराने मागितलं तेच दिलं. रात्री झोपण्याआधी याने ट्यूबने पातळ झालेल्या, ताज्या दाढी केलेल्या मानेवर ते कापूस भिजवून तसंच चोळलं.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच हा पायरीवर होता.

"ताई, झाडपाल्याच्या औषधानं तोंड भाजलं बघा."

मानेचा पुढचा भाग लालभडक, दोन ठिकाणी पाणी सुटलेलं. मला बाटली दाखवली. लेबलवर अल्कोहोलचं प्रमाण निम्म्याच्या आसपास.

"मास्क न्हाई लावला तर आत सोडत न्हाईत, आन लावायचा तर आधी हे सोलून घ्यायचं. सांगा आता काय करू?"

त्याला विचारायचं होतं की कोणतं विच हेझल घेऊ. मला वेगळंच वाटत होतं: आफ्टरशेव्हचा प्रश्न इथे सगळ्यात शेवटी येतो. पण समोर आग होणारी मान घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तात्त्विक उत्तर देता येत नाही. त्या दिवसापुरतं एवढंच: सगळं बंद, गार पाण्याच्या घड्या, साधं पेट्रोलियम जेलीचं पातळ बोट आणि दाढी नाही.

आधी ठरवायचं काय आहे ते

दाढीनंतर मानेवर लाल काही आलं की सगळे त्याला "रॅश" म्हणतात. त्यात निदान चार वेगळी दुखणी असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

पहिली, नुसती ब्लेडची आग. दाढी झाल्या झाल्या सुरू होते, सगळीकडे सारखी पसरते आणि बहुतेकदा दिवस-दोन दिवसांत जाते. दुसरी, आत वळलेले केस. राठ, कुरळा केस अगदी तळाशी कापला की त्याचं टोक तिरकं आणि धारदार होतं. वाढताना ते वळून पुन्हा कातडीत घुसतं, आणि शरीर त्याला काटा समजून पुटकुळी आणतं. पाच ब्लेडचा रेझर हे काम जोमाने करतो. पहिली पाती केस किंचित ओढतात, मागची त्याला कातडीच्या पातळीखाली कापतात. उलटा हात आणि ताणलेली कातडी असेल तर विचारूच नका. तिसरी, जंतूंचा संसर्ग: पू, ठणका, प्रत्येक फोडाच्या मधोमध केस. चौथी बुरशी, म्हणजे दाढीतला गजकर्ण.

सागरच्या मानेवर बहुतांश दुसऱ्या प्रकारचं दिसत होतं. भिंग लावून पाहिलं तर दोन-तीन पुटकुळ्यांत केसाचा काळा फास स्पष्ट होता. पण डाव्या जबड्याखाली एक चट्टा वेगळा होता: कडेला कोंडा, खाज जास्त, एकाच बाजूला. ट्यूबने दबला आणि पुन्हा उसळला, तोही जास्त करून हाच. आणि हा माणूस रोज पहाटे म्हशीच्या कुशीला कपाळ टेकून धार काढतो. जनावरांच्या अंगावरच्या गजकर्णाची बुरशी माणसाच्या दाढीत येते हे जुनं ज्ञान आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत तर तिला गवळ्या-शेतकऱ्यांच्या दाढीचं दुखणं म्हणूनच ओळखतात. गोकुळ दूध संघाच्या या जिल्ह्यात ही शक्यता बाजूला ठेवून चालत नाही.

इथे निर्णयाची पहिली जागा आली. काउंटरवरून त्याला सौम्य काहीतरी देऊन पाठवायचं की डॉक्टरकडे? त्याचा कल उघड होता. डॉक्टर म्हणजे अर्धा दिवस बुडणार, आणि "दाढीसाठी कुठं दवाखान्यात जातंय कोण?" एक चट्टा, एका बाजूला, स्टेरॉइड लावल्यावर रूप बदललेला: एवढं पुरेसं होतं. मी काही दिलं नाही. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत पाठवलं, आणि ती ट्यूब व टिंक्चरची बाटली दोन्ही बरोबर न्यायला सांगितलं. लोक डॉक्टरला गोळ्या दाखवतात. लावायचं औषध दाखवायचं असतं हे कुणाच्या लक्षात येत नाही.

डॉक्टरांनी ट्यूब थांबवली आणि बुरशी तपासायला कातडीचा खरवडा लगेच न घेता काही दिवसांनी बोलावलं, कारण ट्यूबमध्ये बुरशीचं औषध होतं आणि त्यामुळे तपासणी खोटी चांगली येऊ शकते. नंतर चट्ट्याचा कोंडा आणि दोन उपटलेले केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. बुरशी सापडली नाही. निदान: आत वळलेल्या केसांच्या पुटकुळ्या, त्यावर टिंक्चरने झालेला दाह, आणि ट्यूब अचानक सोडल्यामुळे आलेली लाली. सागर म्हणाला, "म्हंजे फुकाट गेलो की." तसं नव्हतं. बुरशी असती आणि आम्ही मास्कच्या आत ओलावा धरणारं काहीही सुरू केलं असतं, तर ती मान पुढचे कित्येक महिने पुरली असती.

बाटलीत नेमकं काय असतं

विच हेझल म्हणजे हॅमामेलिस व्हर्जिनियाना, उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलातलं झुडूप. शरद ऋतूत पानं गळत असताना त्याला पिवळी, चुरगळलेल्या कागदाच्या कातरणांसारखी फुलं येतात. तिथले मूळ रहिवासी सालीचा आणि डहाळ्यांचा काढा सूज-खरचटीवर लावत आणि गोऱ्यांनी तो त्यांच्याकडून घेतला. १८४६ साली न्यूयॉर्क राज्यात थेरॉन पॉन्ड नावाच्या माणसाने त्याचा अर्क विकायला काढला. आपल्या आज्यांच्या कपाटातल्या पॉन्ड्सच्या डब्यावरचं नाव ते हेच. क्रीम-पावडर नंतरची, धंदा सुरू झाला विच हेझलवर.

सालीत आणि पानांत टॅनिन भरपूर असतं. टॅनिन म्हणजे हिरडा चघळल्यावर तोंड आवळतं ते. कातडीवरच्या प्रथिनांना ते किंचित घट्ट करतं, म्हणून पाझर कमी होतो आणि आवळल्यासारखं वाटतं. मात्र बाजारात सर्वात जास्त खपणारं विच हेझल हा काढा नसतो, वाफेवर काढलेला अर्क असतो, आणि टॅनिन वाफेबरोबर फारसं येत नाही. म्हणजे ज्या घटकाचं नाव सगळे घेतात तो त्या पाण्यासारख्या बाटलीत जेमतेमच. तो अर्क टिकावा म्हणून अमेरिकेत त्यात साधारण १४ टक्के अल्कोहोल घालतात. अल्कोहोल नसलेल्या प्रकारात दुसरं परिरक्षक असतं, बहुतेकदा जोडीला ग्लिसरीन किंवा कोरफड, आणि कधी गुलाबाचा वास. मदर टिंक्चर ही तिसरीच गोष्ट: वनस्पती जोरदार अल्कोहोलमध्ये मुरवून काढलेली, वापरायची तर थेंबांनी आणि पातळ करून. तिन्हींवर नाव एकच. सागरची मान भाजली ती विच हेझलने कमी आणि अल्कोहोलने जास्त.

उपयोगाचं म्हणाल तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या यादीत विच हेझल त्वचेच्या किरकोळ त्रासावर चालणारं आवळणारं द्रव्य म्हणून आहे. मजा अशी की त्याच यादीत, त्याच ओळीत अॅल्युमिनियम सल्फेट आहे, म्हणजे तुरटीचं सख्खं भावंड. मामांचा खडा आणि व्हिडिओतली परदेशी बाटली एकाच पंगतीला बसतात. त्यापलीकडे मोठी आशा धरू नये. १९९५ साली जर्मनीत इसबाच्या ७२ रुग्णांवर हॅमामेलिसचं क्रीम, हलकं हायड्रोकॉर्टिसोन आणि नुसतं बेस क्रीम यांची तुलना झाली. हायड्रोकॉर्टिसोन सरस ठरलं, आणि हॅमामेलिस नुसत्या बेसपेक्षा वरचढ निघालं नाही. उन्हाने आलेल्या लालीवर मात्र त्याच्या लोशनने थोडा फरक पडल्याचं दिसलेलं आहे. सौम्य गोष्ट आहे, सौम्यच काम करणार.

समोर असलेले पर्याय

सर्वात खात्रीचा इलाज सगळ्यांना माहीत होता: दाढी वाढवायची. केस थोडा लांब झाला की टोक कातडीत घुसत नाही आणि पुटकुळ्या आपोआप विझतात. पण मग मास्क गळणार. सैल टोपाचे, पंख्याने हवा ढकलणारे मास्क मिळतात, त्यांना दाढी चालते. किंमत ऐकून सुपरवायझरने मान हलवली. "एकाला दिला तर उद्या सगळी दाढ्या वाढवून येतील," हे त्याचं म्हणणं. मला ते पटलं नाही, पण निर्णय माझा नव्हता.

दुसरा पर्याय रात्री दाढी करायचा: कातडीला रात्रभर विसावा मिळतो, सकाळची घाई टळते. इथे ब्रिटनच्या आरोग्य-सुरक्षा खात्याची सूचना आडवी आली. घट्ट बसणारा मास्क लावणाऱ्याने शिफ्टच्या आधीच्या आठ तासांत दाढी केलेली असावी, असं ते सांगतात. रात्री दहाला दाढी आणि सकाळी सातला मास्क हे त्यात बसत नाही, आणि सागरचे खुंट तर सकाळपर्यंत बोटाला लागतात. त्यामुळे रात्रीची दाढी फक्त तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात. दुसऱ्या पाळीला दुपारी जेवणाआधी, निवांत. पहिल्या पाळीला पहाटेच, दुसरा मार्ग नाही.

मग दाढीनंतर काय लावायचं. तुरटी: स्वस्त, रक्त थांबवते, पण तिचा क्षार कातडीवर वाळून राहतो आणि घामात पुन्हा विरघळून मास्कच्या कडेखाली चरचरतो. सलूनमधला एकच खडा दहा जणांच्या रक्तावरून फिरतो ते वेगळंच. गुलाबपाणी: बाजारातल्या बऱ्याच बाटल्यांत वासच जास्त. घरची कोरफड: थंड वाटते, पण चिकट राहते, आणि ताजा गर काढताना पानाचा पिवळा चीक आला तर खाज सुटते. जाड क्रीम किंवा खोबरेल: कातडीसाठी उत्तम, मास्कसाठी वाईट, कारण तेलकट थरावर रबरी कड घसरते.

मी विच हेझलकडे पुन्हा वळले ते या शेवटच्या कारणाने, आणि हे मला या प्रकरणातलं सर्वात महत्त्वाचं वाटतं. ते पाण्यासारखं आहे. लावलं, दोन मिनिटांत उडून गेलं, मागे थर नाही. घरी बसणाऱ्या माणसाला मी साधं मॉइश्चरायझर सुचवलं असतं आणि विच हेझलचं नावही घेतलं नसतं. मास्क लावणाऱ्याची गरज वेगळी. अट एवढीच: अल्कोहोल नसलेलं, वास नसलेलं, वाफेवर काढलेलं. डॉक्टरांना विचारलं, मान पूर्ण भरल्यावर हरकत नाही म्हणाले.

काय केलं

मान भरेपर्यंत सागरला धुळीच्या कामापासून दूर ठेवणं गरजेचं होतं. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तो सेफ्टी ऑफिसरकडे गेला आणि त्याला काही दिवस डिस्पॅचला टाकलं. ओव्हरटाइम बुडाला, त्यावरून घरात कुरबुर झाली. पण याशिवाय पुढचं काहीच जमलं नसतं.

नंतरची पायरी मास्कची कड शोधायची. हाफ मास्क नाकाच्या पुलावरून गालांवर येतो आणि हनुवटीखाली वळतो. त्याच्या खालची मान कडेच्या बाहेर असते. सागरच्या पुटकुळ्या नव्वद टक्के त्या मानेवर. मग ती गुळगुळीत करायची कशाला? त्याने मास्क लावला, बायकोच्या काजळ पेन्सिलने कडेभोवती रेघ ओढली आणि आरशात बघितलं. रेघेच्या बाहेर एक बोट जागा सोडून त्याखाली रेझर बंद. तिथे ट्रिमर, मिलिमीटरभर केस ठेवून. बायकोने फोटो काढून ठेवला, कारण रोज काजळ कोण लावणार. सेफ्टी ऑफिसरने पुन्हा कडू फवारा मारला. काही लागलं नाही.

हा फोटो मी नंतर बऱ्याच जणांना दाखवला आहे, चेहरा झाकून. पोरं हसतात, मग घरी जाऊन तेच करतात.

कडेच्या आतल्या भागासाठी दाढीची पद्धत बदलली. आंघोळीनंतर, कोमट पाण्याने केस मऊ झाल्यावर. एकाच ब्लेडचा जुना सेफ्टी रेझर, तोही वडिलांचाच सापडला. केस ज्या दिशेला जातो त्याच दिशेला हात, कातडी न ताणता, एकदाच. थोडं खरखरीत राहिलं तर राहू दे, चाचणी पास होते ना? हे त्याला सगळ्यात जड गेलं. उलटा हात मारल्याशिवाय दाढी झाल्यासारखं वाटत नाही, अशी आपल्याकडे सवयच आहे. सलूनमध्येही दुसरा हात उलटा नाही मारला तर गिऱ्हाईक गालावरून बोट फिरवून तक्रार करतं.

मास्कची कडही रोज साबणाच्या पाण्याने धुवून सावलीत वाळवायची ठरलं. आधी ती आठवड्यातून एकदा धुतली जायची, आत घाम आणि काळी धूळ यांचा लेप. तो लेप आठ तास ताज्या दाढीवर दाबून ठेवायचा आणि दोष आफ्टरशेव्हला द्यायचा!

विच हेझलची बाटली ऑनलाइन मागवली. घटकांची यादी मी वाचली, अल्कोहोल आणि वास नव्हता. आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, आठवडाभर. काही उठलं नाही. मग चेहऱ्यावर, पण फक्त उजवीकडे. डावीकडे दाढीनंतर नुसतं गार पाणी. "ही काय तऱ्हा, अर्ध्या तोंडाला औषध?" असं त्याने विचारलं. मी म्हटलं, "अरे, रेझर बदललास, मान सोडलीस, मास्क धुतोयस. उद्या बरं वाटलं तर त्याचं श्रेय कुणाला देणार?" कापूस घासायचा नाही, तळहातावर थोडं घेऊन थापायचं, वाळलं की मास्क. रात्री दोन्ही गालांना सारखंच, बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर.

परिणाम

अर्ध्या तोंडाचा प्रयोग त्याने इमानदारीने केला. उजवीकडे पहिला अर्धा तास आग कमी, हे त्याने रोज सांगितलं. गार वाटायचं आणि मास्क चढवताना डोळ्यांत पाणी यायचं नाही. शिफ्ट सुटेपर्यंत दोन्ही गाल सारखे. पुटकुळ्यांत उजवं-डावं काहीच फरक नव्हता. त्या दोन्हीकडे कमी झाल्या, आणि मानेवर, जिथे विच हेझल लावतच नव्हता, तिथे सर्वात जास्त. एका माणसाच्या दोन गालांवरून जगाला सिद्धांत सांगता येत नाही, पण सागरला स्वतःपुरतं उत्तर मिळालं: पुटकुळ्या घालवल्या ट्रिमरने आणि सुलट्या हाताने, विच हेझलने सकाळचा अर्धा तास सुसह्य केला. त्याला तो अर्धा तास हवा होता. म्हणून त्याने ते चालू ठेवलं, आता दोन्ही गालांना.

काळे डाग राहिले. पुटकुळीनंतरचा डाग आपल्या सावळ्या कातडीवर महिनोन्महिने राहतो आणि विच हेझलने जात नाही, बाटलीवर काहीही छापलेलं असो. डॉक्टरांनी त्यासाठी वेगळं दिलं, आणि मानेला ऊन लागू न देण्याची ताकीद. गाडीवरून जाणाऱ्या माणसाला ती कितपत पाळता येते ते सोडून द्या.

मधे एक धक्का बसला. चैत्र पौर्णिमेला गावची सासनकाठी, म्हणजे देवाची उंच मानाची काठी, जोतिबाला जाते आणि सागर काठीला खांदा देणाऱ्यांतला. यात्रेला जायचं म्हणून त्याने पहाटे खास गुळगुळीत दाढी केली, मानेसकट, उलट्या हाताने. डोंगरावर दिवसभर गुलाल, घाम आणि ऊन. संध्याकाळी मान पुन्हा पहिल्यासारखी. गुलालाने लाल की दाहाने हे दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतरच कळलं. त्याने घाबरून विच हेझल दिवसातून पाच-सहा वेळा लावलं आणि कातडी कोरडी पडून खवले निघाले. आवळणारी गोष्ट जास्त लावली की सुकवते; सौम्य असली म्हणून तिला मोजमाप नाही असं नव्हे. चार दिवस सगळं थांबवून नुसतं मॉइश्चरायझर लावल्यावर बसलं.

निर्णयाच्या जागा, आणि काय वेगळं करता आलं असतं

सर्वात मोठी संधी अगदी सुरुवातीला होती आणि ती कुणाच्याच लक्षात आली नाही. कंपनीने दाढी सक्तीची केली त्या दिवशी मास्कची कड कुठे बसते हे प्रत्येकाला आरशात दाखवलं असतं, तर मानेवर रेझर फिरलाच नसता. फिट टेस्टचा कागद "पास" किंवा "नापास" एवढंच विचारतो. दाढी किती करायची, कुठपर्यंत करायची, कातडीचा आधीचा काही त्रास आहे का, याला त्यात रकाना नव्हता.

दुसरी जागा ट्यूबची. ट्यूब नसती तर टिंक्चरने इतकं भाजलं नसतं, आणि डॉक्टरकडचा खरवडाही लगेच झाला असता. आत वळलेला केस स्टेरॉइडने दबतो म्हणून माणसाला वाटतं इलाज सापडला. खरं तर केस तिथेच असतो.

खरेदीच्या वेळचा प्रश्न बारीक आहे. होमिओपॅथीच्या दुकानदाराला दोष देता येत नाही, त्याने मागितलेली वस्तू दिली. "कशासाठी हवंय?" एवढं त्याने विचारलं असतं किंवा सागरने सांगितलं असतं, तर बाटली पातळ करायच्या सूचनेसह गेली असती किंवा गेलीच नसती. माझ्या काउंटरवर आता कुणी नुसतं "विच हेझल" मागितलं तर आधी लेबलवरचं अल्कोहोल त्याला मोठ्याने वाचायला लावते. पुरुष गिऱ्हाइकं बाई दुकानदाराला दाढीचं काही विचारायला लाजतात, त्यामुळे हा प्रश्न आपणच काढावा लागतो.

अर्ध्या तोंडाची तुलना सुरू करायच्या आधी दोन्ही गालांचे, एकाच उजेडात, फोटो काढून ठेवायला हवे होते. सागरचं सांगणं प्रामाणिक असलं तरी आग किती कमी आणि लाली किती कमी हे दोन्ही शब्दांतच राहिलं. आणि यात्रेचा दिवस आधीपासून ठाऊक होता. सुटीच्या दिवशी मास्क नाही, म्हणजे दाढीही नको. उलट गुलालाच्या आधी मानेला खोबरेलाचं बोट लावून जायला हवं होतं, एरवी मास्कमुळे जे चालत नाही ते त्या दिवशी चाललं असतं. पुढच्या चैत्रासाठी हे त्याने बायकोच्या मोबाइलमध्ये त्या काजळाच्या फोटोखालीच लिहून ठेवलंय.

सैल टोपाच्या मास्कचा मुद्दा अजून मिटलेला नाही. त्याच खात्यातल्या आणखी दोघांच्या मानेची हीच गत आहे आणि त्यातल्या एकाला ट्रिमरनेही भागत नाही, कारण त्याच्या पुटकुळ्या गालावर आहेत, बरोबर कडेखाली. त्याला विच हेझल काय किंवा तुरटी काय, कशानेच सुटका नाही; त्याला दाढी वाढवू देणारा मास्कच हवा. डॉक्टरांची चिठ्ठी जोडून त्याचा अर्ज सेफ्टी कमिटीकडे गेला आहे, आणि सागरने त्यावर सही केली आहे.